चांगल्या हेतूचं पाणी

चंद्रकुमार लांजेवार मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, असं पिंपळटोलीत कुणी म्हणत नाही. त्यांच्या मनात कधी कुणाचं वाईट नव्हतं, असं मात्र सगळेच म्हणतात. या दोन वाक्यांत फरक किती, ते मास्तरांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी, गुडघाभर चिखलात उभं असताना कळलं. आता ती गोष्ट ते स्वतःच चहाच्या टपरीवर सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतः हसतात.

अड्याळकडच्या एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दहावीच्या पोरांना ते शंभर म्हणींची यादी उतरवून द्यायचे. त्यातली सत्तेचाळिसावी त्यांची लाडकी होती: नरकाचा रस्ता चांगल्या हेतूंनी बांधलेला असतो. पुढे अर्थ: नुसता हेतू चांगला असून भागत नाही, कृती हवी. हे सांगताना मास्तर खडू असा काही उगारायचे, की आता हा माणूस वर्गातून निघून थेट कृती करायलाच जाणार, असं वाटावं. ते जायचे चहा प्यायला.

म्हणीचा उगम शोधायला त्यांनी एका उन्हाळ्यात नागपुरातून पुठ्ठा सुटलेला एक जाडजूड जुना कोश आणला. त्यात निघालं ते असं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्सात एक साधू होऊन गेला, तो म्हणे हे बोलला. पण त्याच्या लिखाणात ते वाक्य कुणालाच सापडत नाही. त्याच्यामागून साडेचारशे वर्षांनी दुसऱ्याच एका साधूने पत्रात लिहिलं, की तो पहिला साधू असं म्हणत असे, आणि वाक्य त्याच्या नावावर चढलं. बरं, तेव्हा त्यात रस्ता नव्हताच. 'नरक चांगल्या इच्छांनी भरलेला आहे' एवढंच होतं. पुढे इंग्रजांनी नरकाला या हेतूंची फरशी बसवली, आणि फार उशिरा ती फरशी नरकातून उचलून रस्त्यावर आणून घातली. "म्हणजे पाहा," मास्तर वर्गात सांगायचे, "आधी नरक भरला, मग फरशी बसली, आणि रस्ता झाला सगळ्यात शेवटी. आपल्याकडचीच तऱ्हा!" पोरं हसायची, कारण मास्तर थांबून वाट बघायचे.

एकदाच, दोन हजार एक साली, त्यांच्याच गावची उर्वशी नावाची पोरगी मधल्या बाकावरून उठली. "सर, मंग चांगलं मनात आननंच वाईट का? का मनात आनून नाई केलं तं वाईट? का करून चुकलं तं वाईट?"

मास्तरांना उत्तर येत नसलं की ते परीक्षेचा आधार घेत. "हे पेपरात येत नाही. बस खाली," ते म्हणाले. तो प्रश्न बोर्डाच्या पेपरात खरोखरच कधी आला नाही. मास्तरांच्या वाट्याला तो अकरा वर्षांनी आला, तोही त्या पोरीच्या आईच्या बांधीत, धानाच्या शेतात.

तोवर मास्तरांनी चांगल्या हेतूंची बरीच फरशी घालून ठेवली होती. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्या वर्षीची गोष्ट घ्या. शाळेच्या भिंतीवर भंडारा जिल्ह्याचा भला मोठा नकाशा काढायचा, पोरांना आपला जिल्हा कळला पाहिजे, असं मास्तरांनी मनावर घेतलं. गोंदिया वेगळा होणार म्हणून लोक बोलत होते, पण मास्तर म्हणाले, होणार होणार म्हणतात, होत काही नाही. ऑइलपेंट आणला, दोन महिने शिडीवर काढले, एप्रिलच्या तीस तारखेला शेवटचा हात मारला. एक मेला गोंदिया वेगळा झाला. पुढची चार वर्षं त्या शाळेची पोरं देवरी आणि आमगाव भंडारा जिल्ह्यातच लिहीत राहिली. त्यांचा काय दोष, भिंतीवर होतं ना!

मास्तरांच्या पत्नी करुणाबाई म्हणायच्या, "वाईट मानसाची मले भीती नाई वाटत जी. तो निदान सांगून येते. तुमी चांगलं कराले निघाले का माह्या पोटात गोळा येते."

मास्तर निवृत्त होऊन पिंपळटोलीत परत आले तेव्हा शेजारच्या घरात उर्वशीची आई, रुखमाबाई, एकटीच राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, उर्वशी लाखांदूरला सासरी. रुखमाबाईची दीड एकर बांधी गावतलावाच्या पाटाच्या अगदी शेंड्याला. जिथे पाट संपतो, तिथे तिची जमीन सुरू होते. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला आश्विनात, लोंबीत दूध भरताना एक शेवटचं पाणी लागतं, आणि नेमकं तेच पाणी शेंड्यापर्यंत पोचेस्तोवर तलाव तळाला जायचा. वरच्यांच्या बांध्या भरायच्या, रुखमाबाईच्या लोंब्या पोचट राहायच्या. वर्षभर पोटाला पुरेल एवढा धान काही घरात यायचा नाही.

मास्तरांना हे ऐकून मनापासून वाईट वाटलं. यात खोट काही नव्हती. ते म्हणाले, "रुखमाबाई, काळजी करू नका. यंदा शेवटच्या पाण्याला पहिला नंबर तुमच्या बांधीचा. मी बोलतो डोमाशी."

डोमा हा गावाचा पाणकर. तलावाचं पाणी कधी सोडायचं, कोणाच्या बांधीला किती वेळ द्यायचं, ते सगळं त्याच्या हातात. रुखमाबाई मास्तरांच्या शब्दावर विसंबली. शिकलेला माणूस, पोरीचा मास्तर, शब्द देतो म्हणजे काहीतरी असेलच. तिने भारी धानच पेरला.

त्या वर्षी मास्तर विसरले. दुसऱ्या वर्षी आठवलं, गावच्या बैठकीलाही गेले, पण बोलायला उठले आणि तलावाच्या इतिहासावर घसरले. तलाव कोणी खोदला, किती साली खोदला, आणि आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी. पाऊण तास झाला, चहा आला, लोक उठले. तिसऱ्या वर्षी बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं म्हणून मास्तरांनी दीड पानी अर्ज लिहिला. त्यात 'जलसमता' असा शब्द होता आणि तो शब्द सुचल्याबद्दल मास्तर दोन दिवस खुशीत होते. अर्ज सदऱ्याच्या खिशात राहिला. करुणाबाईंनी सदरा धुतला आणि जलसमता पाण्यात गेली. दर दसऱ्याला रुखमाबाई कुंपणापाशी येऊन विचारायची, "मास्तर, पान्याचं?" आणि मास्तर म्हणायचे, "यंदा नक्की." तीन वर्षं तिच्या लोंब्या पोचट राहिल्या.

चौथ्या वर्षी, म्हणजे दोन हजार बारा साली, डोमाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भंडाऱ्याला जावं लागलं. ऐन शेवटच्या पाण्याची वेळ. आठ-दहा दिवस तलाव सांभाळणार कोण? गावात ज्याच्या त्याच्या हातात विळा, लवकर पिकणारा हलका धान कापायला आलेला. बैठकीत मास्तर उठून उभे राहिले. "मी आहे ना!" लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण दुसरा कोणी रिकामा नव्हता.

डोमाने जायच्या आधी मास्तरांना पाळीवर, तलावाच्या बांधावर नेलं. तलावातून पाणी सोडायचं जुनं दगडी तुडूम दाखवलं, त्याची लाकडी बुचं दाखवली. पाटावरून बांध्यांत जाणारी सगळी तोंडं त्याने माती घालून बुजवून ठेवलेली होती. म्हणाला, "मास्तर, एकच गोष्ट ध्यानात ठेवा. पानी सोडाच्या आदी शेंड्यावरून वर याचं. एकेक बांधी पाहाची, ज्याची त्याले विचाराची, मंग तुडूम उघडाचं. वरून खाली पानी जाते, मानसानं खालून वर याचं. माहा बाप बी असाच चाले."

मास्तरांनी वही काढली. 'नियम एक: शेंड्याकडून वर येणे', असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. वही खिशात ठेवली.

दोन दिवसांनी, सकाळी सातला, मास्तर पाळीवर एकटेच उभे होते. तलाव निम्मा भरलेला. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आज आपल्याला कुणाला सांगायचं नाही, अर्ज करायचा नाही, भाषण द्यायचं नाही. वरची सगळी तोंडं बंद आहेत. तुडूम उघडलं की पाणी आपल्या पायाने सरळ शेंड्याला, रुखमाबाईच्या बांधीत जाणार. तीन वर्षांचा शब्द एका बुचात पुरा होत होता. मास्तरांना भरून आलं. अगदी डोळ्यांत पाणी आलं, ते आजही कबूल करतात.

शेंड्यापर्यंत चालत जायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण पाट लांब, मध्ये झुडपं, वाटेत दहा जण भेटणार, दहा जण विचारणार, आणि मग 'आमाले आदी' सुरू. शिवाय रुखमाबाई आदल्या दिवशीच एसटीने लाखांदूरला गेली होती, उर्वशीला आणि तिच्या सहा महिन्यांच्या पोराला दिवाळीसाठी आणायला. ती परत येईल आणि बघेल तर काय, बांधीत पाणी! तिचा चेहरा बघायला मास्तर जागच्या जागी अधीर झाले. कुणाचं भलं करायचं तर गुपचूप करावं, असं त्यांनी ठरवलं आणि बूच ओढलं. पाणी घों घों करत पाटात शिरलं. मास्तर कमरेवर हात ठेवून भगीरथासारखे उभे राहिले.

वरच्या बांधीत कवडू धान कापत होता. त्याने ओरडून विचारलं, "मास्तर, पानी कोनाले?"

"कळेल, कळेल!" मास्तर हसून म्हणाले. घरी येऊन त्यांनी पोटभर नाश्ता केला आणि करुणाबाईंना काहीच सांगितलं नाही. करुणाबाईंच्या पोटात तरीही गोळा आला.

दुपारी दोनच्या एसटीने रुखमाबाई येणार होती, म्हणून मास्तर दीडलाच तिच्या बांधीवर गेले. झुडपांचं वळण संपलं तसं समोर पाणी चमकलं. बांधी काठोकाठ भरली होती. मास्तर धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर चढले. पाण्यात काहीतरी पिवळं पिवळं तरंगत होतं. मास्तरांना आधी वाटलं तण असेल. मग वाटलं, तण एवढ्या सरळ रांगेत कसं? आणि मग त्यांनी वाकून त्यातली एक मूठ उचलली.

ती कडपा होती. कापलेला धान, मुठीमुठीने जमिनीवर पसरून उन्हाला वाळत टाकलेला. रुखमाबाईने या वर्षी भारी धान पेरलाच नव्हता. शेवटच्या पाण्याची गरजच नसलेला हलका धान पेरला होता, दोन दिवसांपूर्वी कापला होता, आणि तो वाळेस्तोवर लेकीला आणायला गेली होती. गेल्या चार महिन्यांत मास्तरांनी शेजारणीच्या बांधीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तिच्या भल्याचा विचार ते घरी बसूनच करत होते.

ते तसेच उभे असताना रुखमाबाई आली. गावात उतरताच तिला कवडूने सांगितलं असावं, कारण ती धावत आली होती, आणि मागून कडेवर पोर घेऊन उर्वशी. रुखमाबाईने पाण्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"हे काय केलं जी?" ती हळू म्हणाली. "नातवाच्या उष्टावनाचा धान होता तो. त्याच्या तोंडात पयला घास माह्या बांधीतला जाईन म्हनून मी..." तिने लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली.

मास्तर म्हणाले, "रुखमाबाई, मी तुमच्यासाठीच..." आणि थांबले. उर्वशी त्यांच्याकडे बघत होती. तिला सत्तेचाळिसावी म्हण आठवली की नाही, मास्तरांना माहीत नाही. त्यांना मात्र पाठ होती, स्पेलिंगसकट.

रात्रभर धान पाण्यात राहिला तर दाण्याला मोड येणार, हे पिंपळटोलीत शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे हातात फक्त ऊन उतरेपर्यंतचा वेळ होता. करुणाबाई आल्या, कवडू तुडूम बंद करून आला, त्याने पाटाचं तोंड बुजवून धुरा फोडला, पाणी खाली सोडलं. मास्तर धोतरासकट उतरले. तिथेही त्यांना कल्पना सुचायला लागल्या. म्हणाले, "शाळेतल्या ताडपत्र्या आणल्या तर? किंवा वर्गातले पंखे लावून..."

"मास्तर," रुखमाबाई पेंढी पिळत म्हणाली, "तुमी काई सुचवू नोका. मी सांगतो तेवढंच करा. ही उचला. तिकडे ठेवा. लोंब्या वर करून."

मास्तरांनी उचलली, तिकडे ठेवली, लोंब्या खाली करून. उर्वशीने येऊन ती उलटी केली. "सर, वर," ती म्हणाली. एकतीस वर्षं पोरांना अंगठे धरून उभं करणारा माणूस तीन तास त्या पोरीच्या हुकमात वाकून काम करत होता. दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा करुणाबाईंना हसू आवरलं नाही, आणि कडेवरचं पोरगंही खिदळलं. मास्तरांच्या कानात चिखल गेला होता, तरी ते त्यांना ऐकू आलं.

अंधार पडायच्या आत निम्म्याहून थोडी जास्त कडपा धुऱ्यावर आली. उरलेली चिखलात रुतली ती रुतलीच. पुढचे पाच दिवस ऊन चांगलं पडलं, एवढी देवाची कृपा. वाळवून मळणी केली तेव्हा धान काळपट निघाला, आणि भरडला तर निम्म्या तांदळाची कणी झाली.

त्या आठवड्यात आपल्या कोठीतला धान रुखमाबाईच्या ओसरीवर नेऊन टाकायचा, गुपचूप, भल्या पहाटे, असं मास्तरांच्या मनात आलं. पोतं पाठीवर घेतलंही. दारापर्यंत गेले आणि थबकले. पुन्हा गुपचूप! पुन्हा चांगला हेतू! त्यांनी पोतं खाली ठेवलं, चप्पल घातली आणि उजाडल्यावर कुंपणापाशी जाऊन, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, कुणाला तरी विचारलं, "रुखमाबाई, मी काय करू?"

रुखमाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"धान द्या," ती म्हणाली. "जेवढा तुमच्याच्यानं बुडला तेवढा. तो मी घेईन, लाजनार नाई. पन मास्तर, आज विचारलंच तं सांगतो. मले बुडाल्याचं तेवढं दुःख नाई. चूक कोनाची बी होते. तुमी तीन साल मले 'देतो, देतो' म्हनत राहिले. पयल्याच साली 'रुखमे, माह्याच्यानं नाई होत' म्हनले असते, तं मी तेव्हाच हलका पेरला असता. तीन साल मी पोटभर जेवली असती."

बांधी बुडवली ते एका दिवसाचं काम होतं, आणि ते त्यांना दिसलं होतं. तीन वर्षं आपण तिला उपाशी ठेवत होतो आणि वर तिचे कैवारी म्हणून मिरवत होतो, हे त्यांना दिसलंच नव्हतं. उर्वशी ओसरीवर पोराला पाजत बसली होती.

"उर्वशी," मास्तर म्हणाले, "तू वर्गात एक प्रश्न विचारला होतास."

"हो सर. तुम्ही खाली बसवलं होतं."

"तिन्ही वाईट," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "नाही, पहिलं नाही. मनात आणणं वाईट नाही. पण मनात आणलं म्हणजे केलं, असं मला वाटायचं. आणि ज्याच्यासाठी करायचं त्यालाच विचारायचं मला कधी सुचलं नाही." हे वाक्य परीक्षेत लिहायला लांब होतं, पण उर्वशीने मान डोलावली.

उष्टावण कणीच्याच खिरीचं झालं. पोराने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं, मग दुसऱ्यासाठी आ केला. रुखमाबाई रडली, आणि करुणाबाई तिला बघून रडल्या. मास्तरांना बोलावणं होतं. ते कोपऱ्यात बसले आणि त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही.

डोमाच्या एका डोळ्याची नजर ऑपरेशननंतरही अधूच राहिली, म्हणून मास्तर आता त्याच्याबरोबर पाट चालतात. डोमा तुडुमापाशी बसतो, मास्तर शेंड्याकडून वर येतात. ती वही त्यांच्या खिशात असते, पण ती उघडायची त्यांना गरज पडत नाही. कुणी म्हटलं, 'मास्तर, मले आदी द्या', आणि ते जमण्यासारखं नसलं, तर मास्तर तिथल्या तिथे म्हणतात, "नाही होत, बाप्पा." लोकांना सुरुवातीला राग यायचा. आता ते त्या हिशेबाने पेरतात.

पहिली बांधी अर्थातच रुखमाबाईची. मास्तर धुऱ्यावर उभे राहून हाक मारतात, "रुखमाबाई, पाणी पाहिजे का?"

"नाई पाह्यजे," ती मान वर न करताच सांगते.

"बरं," मास्तर म्हणतात, आणि पुढच्या बांधीकडे निघतात.